चूल बदलली, धूर गेला का?

‘निर्धूर चूल’ हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गेली चाळीसेक वर्षे ऐकू येतो आहे. आधी तो सरकारी योजनेच्या फलकावर होता. आता बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या चकचकीत चुलीवर चिकटवलेला असतो. शब्द चांगला आहे, पण खरा नाही. लाकूड जाळायचे आणि धूर मुळीच होऊ द्यायचा नाही, अशी चूल अजून कोणी बनवलेली नाही. मिळते ती कमी धूर करणारी चूल. ‘कमी’ आणि ‘नाही’ यांत किती अंतर आहे, हे दुकानदार सांगत नाही आणि योजनेचे पत्रकही सांगत नाही. ते अंतर वीस-पंचवीस वर्षांनी रुग्णालयात कळते.

थंडी सुरू झाली की सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात दम लागणाऱ्यांची रांग वाढते. त्यात पन्नाशी-साठीच्या पुष्कळ बायका असतात. सकाळी खोकल्याची उबळ येते, बेडका पडतो, पाण्याची घागर उचलली की धाप लागते. केसपेपरवर विडी-सिगारेटपुढे ‘नाही’ असे लिहिलेले असते. मग ‘दमा’ म्हणून औषध दिले जाते आणि रांग पुढे सरकते. रोज किती तास चुलीपुढे बसता आणि किती वर्षे, हा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो. रोज ४ तास आणि २५ वर्षे, म्हणजे १०० ‘तास-वर्षे’. सिगारेट ओढणाऱ्याची मात्रा जशी पाकिटे आणि वर्षे यांच्या गुणाकाराने मोजतात, तशीच चुलीच्या धुराची मात्रा संशोधक या हिशेबाने मोजतात.

हे ज्ञान नवे नाही. १९५० च्या दशकात दिल्लीत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी फुप्फुसाच्या जुनाट आजारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या तोडीस तोड निघाले. स्त्रियांमध्ये धूम्रपान तर फारच कमी. त्यांनी बोट ठेवले ते घरातल्या धुरावर. पुढे २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर मांडले, की श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार, म्हणजे सीओपीडी, हा केवळ सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार नाही. जगात तो होण्याचे एक मोठे कारण चुलीचा धूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे जगभरात वर्षाला सुमारे ३२ लाख मृत्यू होतात.

गॅस आला, मग चूल का राहिली?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. तिची आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, दिली गेली. एवढ्या थोड्या काळात एवढ्या घरांत गॅस पोहोचवणे ही मोठी कामगिरी आहे, यात शंका नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरणारी घरे देशात ५९ टक्क्यांच्या आसपासच होती. गॅस जोडणी मिळाली म्हणून चूल विझत नाही. उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांनी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी जेमतेम तीन सिलिंडर भरून घेतले. पाच माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर केला तर १४.२ किलोचा सिलिंडर महिना-सव्वा महिना पुरतो. म्हणजे वर्षाला तीन सिलिंडर घेणाऱ्या घरात बाकीचे आठ-नऊ महिने कशावर शिजते, हे वेगळे सांगायला नको.

चूल टिकून राहण्याची कारणे सरळ आहेत. सरपण गोळा करायला पैसे लागत नाहीत, कष्ट लागतात, आणि बाईच्या कष्टांचा हिशेब घरात कोणी मांडत नाही. भाकरी चुलीवरचीच लागते. आंघोळीचे पाणी, गुरांचे खाद्य, दिवाळीचा मोठा फराळ, लग्नकार्याचा स्वयंपाक यांसाठी गॅस जाळणे जिवावर येते. डोंगरातल्या पाड्यावर सिलिंडरची गाडी वेळेवर पोहोचत नाही. त्यामुळे ‘चूल टाकून द्या’ हा उपदेश ऐकायला बरा वाटला, तरी पुष्कळ घरांत पुढची काही वर्षे तरी लाकूड जळणारच आहे. म्हणून कोणती चूल घ्यावी, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे.

सरपण कमी लागणे म्हणजे धूर कमी होणे नव्हे

लाकूड तापले की त्याच्या वजनाचा बहुतांश भाग वायूंच्या रूपात बाहेर पडतो आणि मागे कोळसा उरतो. हे वायू पुरेशा हवेत, पुरेशा उष्णतेत आणि पुरेसा वेळ जळाले तर त्यांचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते. यातली एक गोष्ट जरी कमी पडली तरी ते अर्धवट जळतात आणि त्यांचा धूर होतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, डोळ्यांना झोंबणारी रसायने असतात आणि पीएम २.५ म्हटले जाणारे सूक्ष्म कण असतात. हे कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक. नाकातले केस आणि घशातला चिकट पदार्थ यांना चुकवून ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत हवा कुठूनही येते, ज्वाला थंड पडते आणि वायू न जळताच बाहेर जातात. सुधारित चुलीत हीच गोष्ट दुरुस्त करतात. ‘रॉकेट’ प्रकारच्या चुलीत उष्णता बाहेर जाऊ न देणारी उभी नळी असते. तिच्यात ज्वालेला वर चढायला जागा मिळते आणि वायू आतच जळतात. दुसऱ्या प्रकारात छोटा पंखा असतो. तो बॅटरीवर किंवा विजेवर चालतो आणि ज्वालेच्या वरच्या भागात हवा जोराने सोडतो. पंख्याच्या चुलीचा धूर प्रयोगशाळेत खरोखर बराच कमी भरतो.

मात्र ग्राहकाची फसगत होते ती ‘कार्यक्षमता’ या शब्दावर. जुनी चूल लाकडातली सुमारे दहा ते पंधरा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचवते. चांगली चूल पंचवीस-पस्तीस टक्के पोहोचवते. सरपण वाचते, स्वयंपाक लवकर होतो, डोक्यावरचा भारा हलका होतो. हे सगळे खरे आणि मोलाचे आहे. पण भांडे ज्वालेच्या अगदी जवळ आणले तरी कार्यक्षमता वाढते आणि त्याच वेळी थंड भांड्याला लागून ज्वाला विझू लागते, धूर वाढतो. म्हणजे कमी लाकूड खाणारी चूल अधिक धूर करणारीही असू शकते. ‘निम्मे सरपण वाचते’ हे वाक्य फुप्फुसाबद्दल काहीच सांगत नाही.

भारतीय मानक ब्यूरोचे २०१३ चे मानक (आयएस १३१५२, भाग १) या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजते. पंखा नसलेल्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के हवी. भांड्यापर्यंत पोहोचलेल्या उष्णतेच्या दर मेगाज्यूलमागे कणांचे उत्सर्जन पंखा नसलेल्या चुलीसाठी ३५० मिलिग्रॅमपर्यंत आणि पंख्याच्या चुलीसाठी १५० मिलिग्रॅमपर्यंत चालते. पाच माणसांच्या घराला दिवसाच्या स्वयंपाकासाठी ढोबळमानाने १० मेगाज्यूल उष्णता भांड्यात लागते. म्हणजे मानकाच्या काठावर उतरलेली पंख्याची चूल दिवसाला दीड ग्रॅम आणि बिनपंख्याची साडेतीन ग्रॅम कण बाहेर टाकू शकते.

आता दुसरा आकडा पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली घरगुती इंधनाबाबत सूचना दिल्या. धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात मिनिटाला ०.२३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक सूक्ष्म कण चुलीतून सुटू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. चार तासांचे होतात सुमारे ५५ मिलिग्रॅम. मोजण्याची पद्धत दोन्हीकडे थोडी वेगळी आहे, पण लाकडाच्या धुरातले बहुतेक कण सूक्ष्मच असतात, त्यामुळे अंदाज चुकत नाही. मानकाची मर्यादा पाळणारी, पंखा असलेली चूलसुद्धा बंद स्वयंपाकघरात सुरक्षित मर्यादेच्या पंचवीस पटींहून अधिक कण सोडू शकते. जुन्या चुलीपेक्षा ती नक्कीच चांगली. पण ‘निर्धूर’ नव्हे.

गावोगावच्या अनुभवाने काय शिकवले?

केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झाला आणि २००२ साली आवरला. त्यात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद आहे. मोजली गेली ती चुलींची संख्या. त्यांतल्या किती पुढच्या पावसाळ्यानंतर शाबूत होत्या, कितींचे धुराडे काजळीने तुंबले होते, किती घरांत बाजूला जुनी चूल पेटतच होती, याचा हिशेब त्या संख्येत नव्हता.

हा हिशेब पुढे ओडिशात मांडला गेला. अर्थशास्त्रज्ञ रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी धुराड्याच्या मातीच्या चुली दिलेल्या कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी शरीरात जाणारा धूर कमी झाला. नंतर चुलींची डागडुजी होईना, वापर घटला आणि फायदा विरून गेला. प्रयोगशाळेत चुलीला काही झाले नव्हते. घरात तिला लिंपायला, झाडायला, दुरुस्त करायला कुणाला सवड नव्हती.

आफ्रिकेतील मलावी देशात संशोधकांनी आणखी चांगली चूल वापरली. दहा हजारांहून अधिक लहान मुलांच्या या अभ्यासात निम्म्या गावांतल्या घरांना सौर ऊर्जेवर चार्ज होणाऱ्या पंख्याच्या चुली दिल्या. ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराश करणारा होता: पाच वर्षांखालील मुलांच्या न्यूमोनियात फरक पडला नाही. ग्वाटेमालात धुराडे असलेल्या चुलीचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तिथे मुलांच्या शरीरात जाणारा धूर निम्म्यावर आला. एकूण न्यूमोनियातली घट ठामपणे सिद्ध झाली नाही, पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला.

या निकालांमागे एक साधे तत्त्व आहे. धूर आणि आजार यांचे नाते सरळ रेषेसारखे नसते. धुराचे प्रमाण खूप असेल तर ते निम्मे केल्याने आजार निम्मा होत नाही. थोडाच कमी होतो. खरा फायदा धूर अगदी खालच्या पातळीवर आला की दिसतो. भरपूर धुराकडून मध्यम धुराकडे जाणे म्हणजे वीस विड्यांवरून दहा विड्यांवर येण्यासारखे आहे. पाऊल योग्य दिशेने पडले, पण मुक्काम दूर आहे.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की गॅसनेही सगळे साधत नाही. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत सुमारे ३२०० गरोदर स्त्रियांच्या घरांचा मोठा अभ्यास झाला. त्यात तामिळनाडूतील गावे होती. निम्म्या घरांना गॅस शेगडी आणि सिलिंडर मोफत दिले. त्या घरांतल्या स्त्रियांच्या श्वासातले सूक्ष्म कण लाकूड वापरणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशावर आले. पण बाळांचे जन्मवजन आणि वर्षभरातला गंभीर न्यूमोनिया यांत उल्लेखनीय फरक दिसला नाही. कुपोषण, रक्तक्षय, शेजारच्या घरांतला धूर हे सगळे तसेच राहिले होते, हे विसरून चालणार नाही. गॅसने दीड वर्षात जे झाले नाही, ते कमी धुराची चूल सहा महिन्यांत करील असे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मात्र फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे गणित वर्षांचे असते. चीनच्या युन्नान प्रांतातील शुआनवेई परिसरात घरात उघड्यावर दगडी कोळसा जाळत असत. तिथल्या वीस हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे दिसले, की धुराडे बसवलेल्या घरांत सीओपीडीचे प्रमाण कमी होत गेले. पण तो फायदा स्पष्ट दिसायला सुमारे दहा वर्षे लागली. इंधन तिथे कोळसा होते, लाकूड नव्हे. तरी बोध तोच आहे: धूर खोलीबाहेर घालवला आणि सलग घालवत राहिले, तर पुढच्या पिढीच्या फुप्फुसांना त्याचा उपयोग होतो.

धुराड्यातून गेलेला धूर जातो कुठे?

या प्रश्नाचे उत्तर लंडनने मोठी किंमत मोजून शोधले. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस त्या शहरावर कोळशाच्या धुराचे दाट धुके साचले. तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे चार हजार माणसे त्यात दगावली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बराच मोठा ठरवला. प्रत्येक घराला धुराडे होते. धूर घराबाहेर गेला होता, शहराबाहेर नाही. त्यानंतर १९५६ साली कायदा झाला आणि ब्रिटनमध्ये ‘धूर-नियंत्रित क्षेत्रे’ ठरवली गेली. त्या हद्दीत धुराड्यातून धूर सोडल्यास दंड होऊ शकतो. लाकूड जाळायचे तर चाचणी होऊन मान्यता मिळालेलाच स्टोव्ह लागतो. २०२१ पासून इंग्लंडमध्ये थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणातही ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा लागतो. एवढे सगळे करूनही त्या सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या २०२२ च्या अहवालात असे नमूद आहे, की नव्या मानकाचा स्टोव्ह आणि कोरडे लाकूड असले तरी गॅसवर घर गरम ठेवण्याच्या तुलनेत सूक्ष्म कण ४५० पट निघतात.

तिथे हौसेने पेटवलेल्या शेकोटीचा प्रश्न आहे. इथे पोटासाठी पेटवलेल्या चुलीचा. दोन्हींची तुलना करून गरिबाला दंड ठोठावणे अन्यायाचे होईल. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे: नियम फक्त चुलीचा नाही, तर चूल, जळण आणि जागा या तिन्हींचा असतो. आपल्याकडेही ही जाणीव येऊ लागली आहे. लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. बेकरीचा धूर शेजारच्या इमारतीत जातो म्हणून त्यावर तक्रार होते. घरातल्या चुलीचा धूर ती पेटवणाऱ्या बाईच्याच छातीत जातो आणि तिने कधी तक्रार केलेली नसते.

चूल घ्यायचीच असेल तर

पहिला प्रश्न चुलीचा नाही, कामाचा आहे. घरात आग कशाकशासाठी पेटते याची यादी करावी. रोजचा चहा, भाजी, वरण-भात ही कामे गॅसवर किंवा वीज टिकत असेल तर इंडक्शन शेगडीवर न्यावीत. जास्तीत जास्त वेळा आग पेटते ती इथेच. पेटवताना आणि विझताना धूर सर्वाधिक होतो, त्यामुळे दोन कप चहासाठी चूल पेटवणे सगळ्यांत वाईट. आंघोळीच्या पाण्याचा बंब हा दुर्लक्षित धूर आहे. तो न्हाणीघराच्या कोपऱ्यात किंवा खिडकीखाली नको. मोकळ्या अंगणात, घरात धूर शिरणार नाही अशा बाजूला हवा. जमेल त्याने पाण्यासाठी सौर बंब घ्यावा. उरलेल्या कामांपुरती चूल निवडावी.

दुसरी गोष्ट धुराड्याची. चूल घरातच राहणार असेल तर पंख्याच्या पण बिनधुराड्याच्या चुलीवर विसंबू नये. धुराडे छपराच्या सर्वांत उंच भागाच्याही वर गेलेले असावे, नाहीतर वारा धूर परत घरात ढकलतो. गवताचे किंवा लाकडी छप्पर असेल तर धुराड्याभोवती पुरेशी मोकळी जागा सोडावी. आगीचा धोका खरा असतो. दर महिन्याला काजळी काढावी. चूल हलवता येणारी असेल तर ती ओसरीवर किंवा अंगणात पेटवावी, आणि ज्वाला धरल्यावरच जवळ बसावे.

तिसरी गोष्ट कागदाची. आयएसआय चिन्ह पाहावे आणि विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागावा. त्यात कार्यक्षमता सगळे दाखवतात. कणांचे उत्सर्जन किती, तो आकडा विचारावा. जो सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

चौथी गोष्ट घराच्या मापाची. आपला भाकरीचा तवा त्यावर नीट बसतो का? मोठे पातेले ठेवून ढवळले तर चूल कलंडते का? आपल्याकडचे जळण, मग ते बाभळीचे फाटे असोत, तुराट्या असोत की पऱ्हाट्या, तिच्या तोंडात जाते का, की रोज अर्धा तास कुऱ्हाड चालवावी लागणार? पंखा बंद पडला तर तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते का? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील तर चूल चांगली असूनही पंधरा दिवसांत माळ्यावर जाईल. म्हणून विकत घेण्याचा निर्णय घरातल्या कर्त्या पुरुषाने एकट्याने घेऊ नये. जी त्यावर शिजवणार आहे, तिने बाजारात जाऊन चूल पाहावी.

पाचवी गोष्ट जळणाची. चांगल्या चुलीत ओले लाकूड घातले तर ती जुन्या चुलीसारखीच धुमसते, कारण बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते. पावसाळ्याआधी सरपण फोडून, बारीक करून, वारा लागेल असे छपराखाली रचावे. टोकाला चिरा पडलेले आणि एकमेकांवर आपटले की टणटण वाजणारे लाकूड वाळलेले समजावे. गोवऱ्यांचा धूर लाकडापेक्षा अधिक असतो. प्लास्टिक, टायरचे तुकडे, रंगवलेली फळी कधीही जाळू नये. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो.

सहावी गोष्ट बाळाची. चूल पेटलेली असताना तान्हे मूल मांडीवर किंवा पाठीवर नको. दम्याच्या रुग्णाने आणि गरोदर बाईने फुंकणी दुसऱ्याच्या हाती द्यावी. घरातला पुरुष चूल पेटवून देऊ शकतो, त्यात कमीपणा काही नाही.

सरकारने काय मोजावे?

राज्य सरकारने २०२४ साली वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची अन्नपूर्णा योजना आणली. वर्षातल्या साडेतीन-चार महिन्यांचा धूर त्याने वाचू शकतो. गरीब घरांपुरती तरी ही मदत वाढवावी, आणि एकदम मोठी रक्कम देता येत नाही त्यांना पाच किलोचा सिलिंडर पाड्यावर मिळण्याची सोय करावी. किती जोडण्या दिल्या आणि किती चुली वाटल्या हा आकडा आता पुरे झाला. किती सिलिंडर भरून घेतले गेले आणि चूल दिल्यावर दोन वर्षांनी त्या स्वयंपाकघरातल्या हवेत किती कण आहेत, हे आकडे जाहीर व्हावेत. काही गावांत नमुन्यादाखल मोजणी केली तरी पुरे. यंत्र फार महागडे नाही.

आरोग्य यंत्रणेकडूनही एक अपेक्षा आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फुंकून श्वासाची ताकद मोजण्याचे यंत्र, म्हणजे स्पायरोमीटर, चालू स्थितीत असावे आणि ते वापरणारा माणूस असावा. आणि केसपेपरवर ‘विडी-सिगारेट’ या रकान्याखाली आणखी एक ओळ छापावी: ‘चूल: रोज किती तास? किती वर्षे?’ ही ओळ छापायला खर्च नाही. पण ती विचारली गेली, की समोरच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कळेल, की तिच्या खोकल्याला कारण आहे आणि ते तिच्या नशिबात नसून तिच्या स्वयंपाकघरात आहे.